साधा पाईप, जाळीचा पाईप

आमच्या घरात गाडी चालवायची बायकोनं आणि शेजारी बसायचं मी, ही वाटणी लग्नानंतर वर्षभरातच पक्की झाली. तिचे वडील कबनूरचे, यंत्रमागवाले. सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ देतात तिथून, सूत गुंडाळलेली बिमं आणायला त्यांच्याकडं एक टेम्पो होता आणि कॉलेजात असल्यापासून तो टेम्पो ती हाकायची. मी पाटबंधारे खात्यात आरेखक. कालव्यांचे नकाशे काढण्यात माझा जन्म गेला. सरळ रेघ मला कागदावर यायची, रस्त्यावर नाही. एकदा सासऱ्यांनी मला हौसेनं त्या टेम्पोच्या स्टिअरिंगवर बसवलं, तर मी तो थेट वैरणीच्या गंजीत घातला. गंजी मऊ होती म्हणून निभावलं. सासरे खाली उतरले, टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “जावाय, तुमी आपलं बसून चला.” तेव्हापासून मी बसूनच चाललो, आणि खरं सांगायचं तर मजेत चाललो.

लाल गाडी आली त्याला आता पंचवीसएक वर्षं झाली असतील. दोनच माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्स कार. ज्यांनी ती बनवली त्यांनी थोड्याच गाड्या काढल्या आणि कारखान्याला कुलूप घातलं. कुणाची तरी हौस फिटली होती म्हणून ती विकायला निघाली होती. बायको तेव्हा मुलींच्या हायस्कूलवर गणित शिकवायची. ती गाडीभोवती फिरली, वाकून चाकं बघितली, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, “घ्यायची.” मी म्हणालो, “अगं, उद्या मूल झालं तर त्याला बसवायचं कुठं?” मूल झालं नाही. दोन सीट आम्हाला पुरल्या.

त्या काळात कोल्हापुरात बाई अशी गाडी चालवते आणि बाप्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसतो, हे दृश्य फुकट बघायला मिळत असताना कोण सोडेल? सिग्नलला शेजारचा मोटरसायकलवाला हमखास वाकायचा. “पावणं, वैनींनी पळवून आणलंय काय तुमास्नी?” मी म्हणायचो, “व्हय की, सोडवा जरा.” बायको सरळ समोर बघत बसायची आणि सिग्नल सुटला की त्याला धूर खायला लावून निघायची.

पण वेग कुणीही दाखवतो. तिची खरी करामत थांबण्यात होती. रविवारी सकाळी आम्ही राधानगरी रोडला लागायचो. पुढं उसाची ट्रॉली, मधेच म्हशी, वळणावर एकदम एसटी. या सगळ्यात ती कधी ब्रेक लावते ते मला कधी कळलं नाही. गाडीचा वेग असा उतरायचा, जसं भात शिजत आल्यावर आपण गॅस बारीक करतो. माझं डोकं कधी पुढं झुकलं नाही, मांडीवरची पिशवी कधी सरकली नाही. मी तिला एकदा विचारलं, हे कसं जमतं? ती म्हणाली, “पायाला कळतंय.” एवढंच. गणिताच्या बाईकडून याहून जास्त पायऱ्यांची अपेक्षा होती, पण उत्तर एका ओळीत संपलं.

साखरेची गोळी तिला बरीच वर्षं चालू होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी गाडी चालवायला हरकत नाही. तीन महिने झाले, सहा झाले. मी म्हणालो, जाऊया का? ती म्हणाली, ऊन उतरू दे. ऊन उतरलं, तर पाऊस कमी होऊ दे. पाऊस गेला, तर थंडी गुडघ्याला सोसत नाही. शाळेत ती रिक्षानं जायला लागली, मग निवृत्तच झाली. मी विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, ऑपरेशननंतर हिचा धीर खचलाय. धीर आज ना उद्या परत येतो, माणसानं फक्त तयारीत राहावं. म्हणून मी दर रविवारी सकाळी शेडमधल्या गाडीवरची खोळ काढायचो, तिला पुसायचो, आणि खोळ घालायचो. बायको खिडकीतून बघायची. मला वाटायचं, बघतेय तर एक दिवस येईल.

काय हवं होतं मला? दुसरं काही नाही. तिनं एकदा, फक्त एकदा मला राधानगरी रोडवरून फिरवून आणावं. पासष्टीच्या माणसानं असा हट्ट धरावा याची लाज वाटायची, पण हट्ट काही जात नव्हता. रस्त्यानं कुणी बाई गाडी चालवत गेली तरी मी वळणापर्यंत तिच्या मागं बघत राहायचो.

या हिवाळ्यात मी ठरवलं की आपणच पुढाकार घ्यायचा. गाडी दुरुस्त करून दारात आणून उभी करायची. दारात उभी गाडी बघून हिचा हात किल्लीकडं गेल्याशिवाय राहणार नाही. उद्यमनगरातले मिस्त्री ती गाडी पहिल्या दिवसापासून सांभाळत आलेले. त्यांना फोन केला, त्यांनी ती ओढून नेली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. “सायेब, या जरा. तुमास्नी ऐकवायचं हाय.”

मी गेलो. गाडी जॅकवर चढवलेली होती. मिस्त्रींनी मला जवळजवळ ढकलतच चाकापाशी बसवलं आणि एक वीतभर लांबीचा काळा रबरी पाईप दाखवला. पेडल दाबलं की ब्रेक ऑईल याच पाईपमधून चाकापर्यंत जातं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

“हात लावून बघा की,” मिस्त्री म्हणाले. मी लावला. पाईप मऊ, सुजलेला, बोटाला चिकट लागला.

“कशानं पुसत हुतासा ह्येला?”

“तेलानं.”

“कसल्या त्येलानं?”

आता सांगणं भाग होतं. सासऱ्यांच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळे माग बंद ठेवून धुतले जात, पुसले जात, आणि मग प्रत्येक भागाला तेलाचं बोट लागे. धोट्यापासून पान्यापर्यंत. तेल न लावता पूजा केली तर सासरे म्हणत, “उपाशी ठेवून हार घालताय व्हय त्येला?” ती रीत मी जावई म्हणून उचलली. दर खंडेनवमीला गाडीखाली सतरंजी टाकून आडवा व्हायचो आणि जे जे हाताला लागेल ते मशीन ऑईलनं चोळायचो. रबरावर तर तेलाचा काय सुंदर काळा तुकतुकीतपणा यायचा! पूर्वी हे वर्षातून एकदाच व्हायचं. गाडी उभी राहिल्यापासून मी रविवारीही सुरू केलं, आणि मशीन ऑईल संपलं की डिझेल.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “सायेब, लोखंडाला त्याल लावत्यात. रबराला न्हाय! रबर त्याल पितंय आन फुगतंय. आतलं भोक बारीक झालंय. पेडल दाबलं की ऑईल जोरात जातंय, पर सोडल्यावर माघारी येत न्हाय. चाक धरूनच बसतंय. इतकं परेम करायचं न्हाय गाडीवर.”

त्यांचा माणूस हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? पण घरी येईपर्यंत मनात तेच चाललं होतं. तिच्यासाठी म्हणून तीन वर्षं जे राखलं, ते राखता राखता मीच नासवलं होतं.

आता पाईप बदलायचे तर दोन वाटा होत्या. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी बोलावून दोन्ही टेबलावर ठेवले. एक साधा, नवा, काळा रबरी पाईप, होता तसाच. दुसरा चकचकीत. आत गुळगुळीत नळी आणि वरून बारीक स्टीलच्या तारांची जाळी, अगदी मागावर विणल्यासारखी. आमच्याकडं गाड्यांच्या शर्यतीचं खूळ जुनं आहे. त्या मंडळींच्या गाड्यांना हाच लागतो म्हणे.

“फरक काय?” मी विचारलं.

“साधा पाईप दाबल्यावर जरासा फुगतोय. म्हंजे पायाचा थोडा जोर त्यातच मुरतोय. पेडल मऊ लागतंय. जाळीचा फुगतच न्हाय. टेकलं की धरलं. चाकापाशी काय चाललंय त्ये पायाला नीट कळतंय.”

“मग जाळीचाच चांगला की.”

“तसं न्हाय. साध्याला चिरा गेल्या की डोळ्यास्नी दिसत्यात. जाळीच्या आत काय बिघडलंय त्ये वरनं दिसत न्हाय. कवा सोडंल त्येचा नेम न्हाय. आन नीट बांधला न्हाय तर ती जाळी शेजारचंच काय तरी घासून कापती. दोनी बरं हायत. तुमी ठरवा.”

ठरवणं हा माझा प्रांत नव्हे. ऑफिसात मी वरून आलेलं काढायचो. घरी आलो, मोठा कागद घेतला, मधे रेघ मारली, डावीकडं साधा, उजवीकडं जाळीचा. दोन दिवस त्यात भर घालत बसलो. शिवाय सल्ले घेतले. गंगावेशीत संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आमचा म्हाताऱ्यांचा अड्डा जमतो. तिथं विषय काढला मात्र, प्रत्येकजण ब्रेकचा जाणकार निघाला. एकजण म्हणाला, “जाळीचाच घाल. वैनींच्या गाडीला साधं कशाला?” दुसरा म्हणाला, “पंचवीस वर्सं ज्येनं काम केलं त्येला बदलतोस? तुला ऑफिसनं असं बदललं असतं म्हंजे?” तिसऱ्यानं तोवर दूध संपवलं होतं. ग्लास खाली ठेवून, मिशा पुसून तो म्हणाला, “आरं पर गाडी चालवणार कोण, त्ये सांग की आधी.”

सगळे आपापल्या ग्लासाकडं वळले. मीही दूध संपवून घरी आलो.

माझ्या कागदावर उजवीकडची बाजू जड होत चालली होती आणि त्याचं कारण एकच वाक्य होतं. पायाला नीट कळतं. हिचा धीर खचलाय ना? मग जो ब्रेक टेकल्याबरोबर उत्तर देतो, तोच हिचा धीर परत आणेल. मला हे इतकं पटलं की मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रींकडं गेलो आणि जाळीचे बसवा म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडं आणि माझ्या कागदाकडं बघितलं.

“पाय कुणाचा? वैनींचा. मग त्यास्नी इचारलासा काय?”

विचारलं नव्हतं. इतक्या जणांना विचारून झालं होतं, तिलाच तेवढं नव्हतं.

ती अंगणातल्या बाकड्यावर बसून मेथी निवडत होती. मी लांबून सुरुवात केली. गाडी मिस्त्रींकडं आहे बरं का.

“शेड रिकामी दिसत न्हाय व्हय मला?” ती म्हणाली.

मग मी पाईपचं सगळं सांगितलं. तेलाचं सांगितलं तेव्हा ती मनापासून हसली. “माझ्या आप्पांनी ऐकलं असतं तर तुमालाच तेलात बुडवलं असतं.” मग मी म्हणालो, “जाळीचा लावला तर पायाला जास्त कळतं म्हणे.”

तिचा हात थांबला. “कुणाच्या पायाला?”

“तुझ्याच की. दुसऱ्या कुणाच्या?”

ती परत मेथी निवडायला लागली. “लावा तुमाला काय लावायचं ते.” तिच्या आवाजात राग नव्हता. मी ते होकारासारखं धरून घरात गेलो आणि बराच वेळ उगाच कपाट आवरत बसलो. इतका आनंद झाला होता.

दोन दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. पाईप बसले आहेत, पण त्यांचा माणूस गावाकडं म्हाईच्या जत्रेला गेलाय आणि पाईपमध्ये शिरलेली हवा काढायला पेडल दाबणारं कुणीतरी हवं. मी फोन तसाच हातात धरून बायकोला विचारलं, येतेस का? पूर्वी हे काम ती नेहमी करायची. तिनं हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाली, “चला.” दारात तिला सँडलचे पट्टे आवळायला वेळ लागला. वर्षा-दोन वर्षांपासून तिनं साध्या कोल्हापुरी चपला घालणं सोडलं होतं आणि घरातसुद्धा पट्ट्याचे सँडल घालून फिरायची. मी तिला चिडवायचो की कोल्हापूरच्या बाईनं कोल्हापुरी चप्पल टाकली म्हणजे आता कलियुग संपत आलं.

हवा काढायचं काम साधं आहे. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसरा चाकापाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करतो. त्यातून हवा आणि ऑईल बाहेर येतं आणि पेडल झपकन खाली जातं. वरच्यानं लगेच ‘गेला’, म्हणजे पाय खाली गेला, असं म्हणायचं आणि तसंच दाबून धरायचं. निपल आवळलं की मग सोडायचं. त्याआधी सोडलं तर बाहेरची हवा परत आत शिरते आणि सगळं मुसळ केरात. पूर्वी मिस्त्रींचा पाना फिरायच्या आत हिचा ‘गेला’ यायचा. मिस्त्री म्हणायचे, वैनींसारखा पाय उद्यमनगरात न्हाय.

तीन वर्षांनी ती त्या सीटवर बसली. मी उघड्या दाराशी ब्रेक ऑईलचा डबा धरून उभा होतो. तिनं हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मला एकदम इतकं भरून आलं की मी डब्यावरची अक्षरं वाचायला लागलो.

“दाबा वैनी. धरा.” मागच्या चाकापाशी मिस्त्री. पाना फिरला. आवाज नाही.

“गेला का?”

“…गेला.”

परत तसंच. परत थोडी वाट. मिस्त्री म्हणाले, सवय मोडली वैनींची. दुसरं चाक झालं. तिसऱ्याला ते जरा वैतागले. “वैनी, ध्यान कुठं हाय? लवकर सांगा की!”

तेव्हा मी डब्यावरून नजर काढून तिच्याकडं बघितलं. मिस्त्रींनी ‘गेला का’ विचारलं की ती मान खाली घालून पायाकडं बघायची, आणि मग सांगायची. दर वेळेला. मला आधी काहीच उमजलं नाही. चौथ्या चाकाला मिस्त्री ओरडले, “धरलाय न्हवं?”

“धरलाय,” ती म्हणाली. तिचं पाऊल पेडलवरून घसरून खाली आलेलं होतं. ती सगळा जोर लावून गाडीची जमीन दाबत होती.

मी तिच्या पायाकडं बघतोय हे तिला दिसलं. तिनं खाली बघितलं. मग दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय परत पेडलवर ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. “परत एकदा करा मिस्त्री,” ती म्हणाली, “माझं चुकलं.”

काम झाल्यावर मिस्त्री चहा सांगायला गेले. मी तिच्या दाराशी उकिडवा बसलो. तिनंच सांगितलं.

“तळपायाला कळत नाही हो. साखरेनं शिरा गेल्या, डॉक्टर म्हणाले. गुडघ्याचं करायच्या आधीपासनं सुरू झालंय. आता तर चप्पल निसटली तरी मागं वळून बघावं लागतं.”

“बरं होईल की औषधानं.”

“आहे तेवढं राखायचं म्हणाले. गेलेलं येत नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

ती स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत होती. “सांगणार होते. पण तुम्ही दर रविवारी गाडी पुसत बसायचासा. खिडकीतनं दिसायचासा. कुठल्या तोंडानं सांगू?”

मला रडू आलं. उद्यमनगरात, भर दुपारी, दोन बाजूंनी ग्राइंडर चालू असताना मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो. मला वाटत होतं की मी तिची वाट बघतोय. तीन वर्षं मी दर रविवारी तिला विचारत होतो, तोंड न उघडता, आणि ती दर रविवारी नाही म्हणत होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिचा पाय बघितला नव्हता. रबर फुगलेलं मला दाखवावं लागलं, आणि हेही.

मिस्त्री चहा घेऊन आले, आमच्याकडं बघितलं आणि चहा बॉनेटवर ठेवून दुसऱ्या गाडीकडं वळले. बायकोनं त्यांना हाक मारली.

“मिस्त्री, हे जाळीचे काढा. साधे बसवा.”

“का हो वैनी? झकास बसल्यात की.”

“झकासच आहेत. बघितलं मी, पेडल बोटभरसुद्धा खाली जात नाही. पण आता गाडी हे चालवणार. ह्यांचा पाय म्हणजे उखळातलं मुसळ. ह्या ब्रेकवर ह्यांनी पाय दिला की माझं कपाळ काचेवर. नवशिक्याला थोडं मऊच लागतं.”

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. “मी?” मी म्हणालो. “पासष्टाव्या वर्षी?”

“मग काय विकायची? विकायची असेल तर तसं सांगा.”

मी बॉनेटवरचा चहा उचलला. तिनं ते होकारासारखं धरलं.

साधे पाईप बसले तेव्हा हवा काढायला सीटवर मी बसलो. पंचवीस वर्षांत त्या बाजूला पहिल्यांदा. पेडल खाली गेलं तेव्हा मी ‘गेला!’ असं ओरडलो की पलीकडच्या शेडमधले लोक काय गेलं ते बघायला आले.

मग सगळं रीतसर झालं. शिकाऊ लायसन, ड्रायव्हिंग स्कूल, तिथल्या मास्तरांचं “काका, गिअर हाय त्यो, लोणच्याची बरणी न्हवं,” आणि संध्याकाळी मोकळ्या मैदानावर बायकोची शिकवणी. ती शाळेत कशी शिकवत असेल ते मला आता कळलं. ओरडत नाही. चूक झाली की परत पहिल्यापासून करायला लावते. “ब्रेक लावायचा म्हणून लावायचा नाही. थांबायचं कुठं ते आधी ठरवा, मग पाय टाका.” पहिले पंधरा दिवस मी तिला पुढं-मागं इतकं हलवलं की ती उतरल्यावर मान चोळायची. साध्या पाईपानं माझी लाज थोडी तरी राखली. मऊ पेडलात माझा अर्धा आडदांडपणा मुरून जायचा.

गेल्या रविवारी आम्ही राधानगरी रोडला गेलो. ती म्हणाली, आता जायला हरकत नाही. मी घामेजलेल्या हातांनी स्टिअरिंग धरून, हंगामातल्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, बैलगाडीच्या बेतानं चाललो होतो. मोटरसायकलवाले मागून येऊन पुढं जात होते. ती मात्र खुशीत होती. टप उघडा, ओढणी कानाला गुंडाळलेली, मान सारखी इकडून तिकडं. “अहो, ही विहीर इथं कधीपासनं आहे? आणि ते बघा, किती बगळे! मला कधी दिसलंच नाही यातलं काही.” वीस-बावीस वर्षं ती या रस्त्यावर होती आणि तिनं फक्त रस्ता बघितला होता. बाकीचं सगळं मी बघत होतो.

बगळे मला आठवत नाहीत. विहीरही नाही. मी काय बघत होतो ते मला तिथं, ट्रॉलीच्या मागं, दुसऱ्या गिअरमध्ये असताना कळलं. मी तिला बघत होतो. तिची एक बाजू, कानामागं न राहणारे केस, वळण आलं की किंचित आवळलेले ओठ. दर रविवारी तासन् तास, ती समोर बघत असायची म्हणून निर्धास्त. घरात इतकं कोण कुणाकडं बघतं? मला गाडीची ओढ नव्हती, रस्त्याचीही नव्हती. ते बघणं हवं होतं, आणि ते आता मला परत मिळणार नव्हतं. ती हातभर अंतरावर बसली होती, हसत होती, बहुतेक माझ्याकडं बघत होती.

मी मान वळवली.

“समोर बघा,” ती म्हणाली.